जुनी रेकॉर्ड, नवी सीडी आणि माझे कान

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही इंग्रजी गाणं आवडीनं ऐकलं नाही, पण शेणव्याच्या आमच्या घरात इंग्रजी रॉक गाण्यांच्या एकतीस रेकॉर्डी होत्या. वडील कसाऱ्याला रेल्वेत खलाशी होते. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जे इंजिन लावतात, त्यावर एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर होते. दोघांनी बरीच वर्षं एकत्र काढली. ड्रायव्हरसाहेबांची मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, मग तेही निघाले, आणि जाताना रेकॉर्ड प्लेअर, दोन लाकडी स्पीकर आणि रेकॉर्डींचं खोकं वडिलांच्या हवाली करून गेले. वडिलांना नको म्हणता आलं नाही. मी तेव्हा दहावीला होतो. नव्वद साल नुकतंच लागलं होतं.

आमच्या वस्तीत तोवर बाबासाहेबांची गाणी कॅसेटवर वाजायची, लग्नात बँजो वाजायचा. हे नवीनच काहीतरी. आई म्हणाली, "काय ह्यो कालवा." वडील तेवढंच म्हणाले, "सायबाची आठवण हाय. हात धुवून लाव."

हात धुवून मी त्या रेकॉर्डी लावत गेलो. शब्द कळत नव्हते, म्हणून मी आवाजच ऐकले. कुठल्या गाण्यात ड्रमवाल्याच्या पायाखालचं पेडल करकरतं, कुठे गिटारवाल्याची बोटं तारेवरून सरकताना खरखर होते, गाणारा ओळ सुरू करण्याआधी श्वास कुठे घेतो, हे मला पाठ झालं. आमच्याकडे व्होल्टेज कमी झालं की तबकडी मंदावायची आणि गाणारा म्हातारा व्हायचा. तेवढ्या वेळात मला मधले बारकावे आणखी नीट ऐकू यायचे. मला वाटायचं, सगळे असंच ऐकतात.

मुरबाडला आयटीआय केलं आणि तिथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लागलो. मुरबाडच्या बाजारात टेप-रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं. तिथे मी रेकॉर्ड प्लेअरची सुई मागवायला गेलो होतो, तर काउंटरवर माझ्याच वयाचा एक जण एक कॅसेट वाजवून बघत होता. माझ्याकडे ज्याची रेकॉर्ड होती तोच अल्बम. मी सहज म्हणालो, "ह्या कॅसेटमधे झांजेचा आवाज मेलाय. आणि शेवटच्या गाण्याची शेपटी कापलीय."

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "तुला कसं कळलं?"

"घरी रेकॉर्ड हाय ना."

पुढे दहा वर्षं तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता.

त्याचं घर मुरबाडच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून. जुनी भातशेतीवाली माणसं. एका बाजूची जमीन मुंबईच्या लोकांनी बंगल्यांसाठी घेतली, तेव्हा घरात मोटरसायकल आली, कलर टीव्ही आला आणि त्याच्या खोलीत सीडी प्लेअर आला. कल्याणच्या कॉलेजातून त्यानं इंग्रजी घेऊन बीए केलं होतं. नोकरी नव्हती, पण गरजही नव्हती. रॉकचं त्याला खरंच वेड होतं, हे मी आजही नाकारणार नाही. कुठला अल्बम कुठल्या साली, कोण कोणाला सोडून गेला, सगळं त्याला तोंडपाठ. मला यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त ऐकू यायचं.

त्या काळात जुने अल्बम नव्यानं साफ करून सीडीवर यायला लागले होते. कव्हरवर 'रीमास्टर्ड' असं छापलेलं असायचं. तो मुंबईहून त्या सीडी आणायचा. आमच्या कंपनीला शुक्रवारची सुट्टी. शुक्रवारी सकाळी मी पिशवीत दोन-तीन रेकॉर्डी घालून एसटीनं किन्हवली, सरळगाव करत मुरबाडला जायचो; प्लेअर तो त्या दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणायचा. पिशवी मांडीवर उभी धरायची, म्हणजे रेकॉर्ड वाकत नाही. पुढे ते दर वेळचं ओझं नको म्हणून आम्ही माझा प्लेअर, स्पीकर आणि खोकं त्याच्याकडेच नेऊन ठेवलं. वडिलांना ते रुचलं नव्हतं. "ऐकव त्याला, पण ठेवू नको," ते म्हणाले होते. मी म्हटलं, "मित्र हाय माझा."

एकच गाणं आधी रेकॉर्डवर लावायचं, मग सीडीवर. तो डोळे मिटून बसायचा आणि विचारायचा, "सांग." मी सांगायचो. "इथं मागची खरखर काढलीय, पण तिच्यासंगती त्याचा श्वास पण गेला. आता तो गाणं सुरू करतो तर भिंतीतून आल्यासारखा येतो." किंवा, "सगळंच मोठं करून टाकलंय. हळू वाजवलेलं पण मोठं, मोठं वाजवलेलं पण मोठं. मग ऐकायचं काय?" तो वहीत लिहून घ्यायचा. मला वाटायचं, स्वतःच्या आवडीसाठी लिहितो.

एकदा एका अल्बमच्या नव्या सीडीवर मी म्हणालो होतो, "जुन्या रेकॉर्डवर ती झांज कशी वाजते म्हाइताय? आई तांदूळ पाखडते ना, तेव्हा दाणे सुपाच्या काठाशी येतात आणि परत मागं पडतात, तशी. आणि ह्या सीडीवर कोणी पत्र्याच्या डब्यात मूठभर खिळे टाकतंय."

तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "परत सांग, सावकाश." मी परत सांगितलं.

त्याच्या आईचं वागणं चांगलं होतं. शुक्रवारी मी असलो की चहा यायचाच. माझा चहा एका स्टीलच्या पेल्यात यायचा, ज्याच्या तळाशी पोचा आला होता, आणि त्याचा कपबशीत. पेला मी पिऊन झाल्यावर मागच्या मोरीवर विसळून पालथा घालायचो. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी उठून पेला उचलला, आणि कोणी "राहू दे" म्हणालं नाही, म्हणून ती पद्धत पडली. मित्राला ते दिसायचं. तो त्या वेळी सीडी पुसत बसायचा.

मधे वडील गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला तो शेणव्याला आला नाही. नंतर भेटला तेव्हा म्हणाला, "अरे, घर नक्की कुठं ते माहीत नव्हतं." शेणवा एवढंसं गाव, एसटीतून उतरून कोणालाही विचारलं असतं तरी आणून सोडलं असतं. पण मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

पुढे शुक्रवारीही ओव्हरटाइम लागायला लागला आणि वर्षभर माझं त्याच्याकडे ऐकायला जाणं झालं नाही. त्याच सुमारास, दोन हजार सालानंतर कधीतरी, आमच्या कंपनीत कल्याणचा एक तरुण क्वालिटी इंजिनिअर लागला. त्याला गाण्याची आवड होती. एक दिवस कँटीनमधे त्यानं माझ्यासमोर एक गुळगुळीत इंग्रजी मासिक ठेवलं. स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर वगैरेंचं मासिक, मुंबईहून निघणारं. म्हणाला, "बघा, तुमच्या मुरबाडचा माणूस लिहितो. काय कान आहेत हो याचे. दोन वर्षं झाली, मी आधी याचंच पान उघडतो."

पानावर माझ्या मित्राचा फोटो होता. तो पाय दुमडून बसलेला, आणि मागे फळीवर माझ्या वडिलांच्या रेकॉर्डी. प्रत्येक कव्हरच्या कोपऱ्यात ड्रायव्हरसाहेबांनी शाईनं आपलं नाव लिहिलं होतं. फोटोत त्या कोपऱ्यावर पांढरी नंबरपट्टी चिकटवलेली दिसत होती.

माझं इंग्रजी बेताचं. इंजिनिअरनं वाचून मराठीत सांगितलं. श्वास गेला, भिंतीतून आल्यासारखा येतो. हळू पण मोठं, मोठं पण मोठं. आणि मग, "हे बघा, हे काय सुंदर लिहिलंय," म्हणत त्यानं पुढचं सांगितलं. माझी आई सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसते, दाणे काठाशी येतात आणि मागे पडतात.

'माझी आई' असंच लिहिलं होतं. त्याच्या आईला मी कधी सूप हातात घेतलेलं पाहिलं नव्हतं. त्या कामाला त्यांच्याकडे बाई होती.

जेवण तसंच ठेवून प्रेसवर गेलो.

पुढच्या शुक्रवारी मुरबाडला गेलो, तेव्हा सोबत शेजारचा टेम्पो होता. मित्र ओटीवर पेपर वाचत होता. मी मासिक त्याच्यासमोर टाकलं. ते इंजिनिअरकडून मागून घेतलं होतं.

तो घाबरला नाही. म्हणाला, "मी तुला सांगणारच होतो."

"दोन वर्षांत येळ नाय मिळाला?"

"अरे, त्यात तुझं नाव घालून काय होणार होतं? तुला तिथं कोण ओळखतंय? मला तरी कुठं ओळखत होते, मी मागे लागून लागून ते पान मिळवलं. तू लिहिणार होतास का इंग्रजीत?"

"मी सांगितलेलं तू लिवलंस. मग मी सांगितलं असं लिवायचं."

"ऐकणं वेगळं आणि लिहिणं वेगळं." हे तो शांतपणे म्हणाला, शिकवल्यासारखं. "तू ऐकलंस, ते तुझ्यापाशीच राहिलं असतं."

"आणि आई? आई तरी माझी ठेवायची."

त्यानं पेपरची घडी घातली. आतून त्याच्या आईनं विचारलं, "चहा टाकू का रे?" मी नको म्हटलं. प्लेअर, स्पीकर आणि खोकं मी आणि टेम्पोवाल्यानं उचललं. तो उठून दार धरून उभा राहिला, आम्हाला अडचण होऊ नये म्हणून. त्या दार धरण्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

घरी आल्यावर मी नंबरपट्ट्या ओल्या फडक्यानं सोडवायला बसलो. पट्टीबरोबर कव्हरचा कागदही निघायचा आणि साहेबांचं नाव अर्धंच उरायचं. चार-पाच कव्हरं खराब केल्यावर मी तो नाद सोडला.

मग रेकॉर्ड लावली. तीच, सुपातल्या तांदळाची. झांज आलीच नाही. म्हणजे काहीतरी वाजत होतं, पण बोथट, गोधडीखालून आल्यासारखं. मी सुई बदलली. तारा बदलल्या. दुसरी रेकॉर्ड लावली, तिसरी लावली. सगळ्यांचं तेच. मला खात्रीच पटली की त्यानं जड, झिजलेल्या सुईनं वाजवून वाजवून सगळ्या रेकॉर्डी घासून टाकल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीबाहेरच्या पीसीओवरून मी त्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोललो. माझ्या बापाची आठवण तू मातीत घातलीस, असंही म्हणालो.

तो एवढंच म्हणाला, "मी त्या वर्षभर वाजवल्याच नाहीत रे. फळीवर होत्या." मी फोन आपटला.

दोन-तीन वर्षं आम्ही बोललो नाही. लग्न होऊन मला तेव्हा तीन-चार वर्षांची मुलगी होती. बायको कधी म्हणायची, "कुकरची शिट्टी झाली, ऐकली नाय का?" मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. मुलगी हळू आवाजात काही सांगायची, तर मी 'काय?' म्हणायचो आणि ती दुसऱ्यांदा सांगायचा कंटाळा करून निघून जायची.

कंपनीत दर वर्षी तपासणीची गाडी यायची. रक्त, वजन, डोळे. त्या वर्षी पहिल्यांदा कानाचं यंत्रही होतं. एका पेटीत बसवून कानाला हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बराच वेळ शांत बसून होतो. मला वाटलं, यंत्र सुरू व्हायचं आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी कागद दाखवला. रेघ सुरुवातीला सरळ होती आणि पुढे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली होती.

"प्रेसवर किती वर्षं?"

"तेरा."

"कानात बोळे घालत नव्हता?"

घालत नव्हतो. कंपनीनं दिले होते, पण माझं कामच वेगळं होतं. साचा नीट बसला की नाही हे मी प्रेसच्या आवाजावरून ओळखायचो. ठोका जरा जरी तिरका पडला की मला कळायचं, आणि मी हात वर करून मशीन थांबवायचो. सुपरवायझर नव्या पोरांना सांगायचा, "गेज काय बघता, ह्याला विचारा." दोनदा मला कामगार दिनाला शाल दिली होती. बोळे घालून ते ऐकू आलं नसतं, म्हणून मी ते काढून खिशात ठेवायचो.

"वरचे आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाले. "बोलणं कळेल बरीच वर्षं. पण हे परत येत नाहीत."

मी घरी येऊन परत ती रेकॉर्ड लावली. अजूनही बोथटच; म्हणजे रेकॉर्ड ठीक होती. एकतीसच्या एकतीस ठीक होत्या. त्याला फोन करून हे सांगायला हवं होतं. मी केला नाही.

आणि मग काही महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, आमच्या गल्लीत गाडी थांबली आणि तो उतरला. केस मागे गेले होते, पोट सुटलं होतं. त्याला या वेळी घर बरोबर सापडलं. बायकोला म्हणाला, "वहिनी, पाणी मिळेल?" आणि तिनं दिलेला तांब्या तोंडाला लावला. चहाही प्यायला, चांगला झालाय म्हणाला.

मग पिशवीतून हेडफोन, एक छोटा प्लेअर आणि सीडी काढली. तोच अल्बम, सुपातला. पुन्हा एकदा नव्यानं साफ करून काढलेला.

"झालं गेलं सोडून दे," तो म्हणाला. "यावर लिहायचंय मला, परवा द्यायचंय. मी चार दिवस ऐकतोय. मला काही कळत नाहीये. खरं सांगतो, मला कधीच काही कळलं नाही. तू ऐक आणि सांग. या वेळी तुझं नाव घालतो."

इतक्या वर्षांनी तो हे बोलला होता, तेही माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर. आणि माझ्यापाशी द्यायला काही उरलं नव्हतं.

मी हेडफोन लावले. मला झांज ऐकू आली. कित्येक वर्षांनी स्वच्छ ऐकू आली. माझं डोकं मला सांगत होतं की मला जर ही ऐकू येत असेल, तर चांगल्या कानाला ती सुईसारखी टोचत असणार, वरचा आवाज कुणी तरी भसाभस वाढवून ठेवलेला असणार. एवढं मला नक्की कळत होतं. गाणं संपेपर्यंत मला विचार करायला वेळ होता.

हेडफोन काढून मी म्हणालो, "हे सगळ्यात चांगलं झालंय. वरचे आवाज मऊ ठेवलेत. पयल्यांदाच कोणी हात राखून काम केलंय. असं लिव."

तो वहीत लिहून घेत होता, पूर्वीसारखाच. जाताना मी म्हटलं, "नाव नको घालू माझं." त्याला ते मोठेपणाचं वाटलं. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

पुढचं मला त्या इंजिनिअरकडून कळलं. ती सीडी इतकी कर्कश होती की लोकांनी दुकानात परत नेऊन दिल्या होत्या. मासिकात त्याच्यावर पत्रांचा पाऊस पडला. कोणी लिहिलं, यांचे कान तपासा. कोणी लिहिलं, कंपनीनं पाकीट दिलं असेल. दोन अंकांनंतर त्याचं पान बंद झालं. इंजिनिअर हळहळला, "एवढा जाणकार माणूस. असं कसं झालं असेल?" मी म्हणालो, "होतं असं."

त्यानंतर एकदाच तो भेटला. मुरबाडच्या एसटी स्टँडवर, मी शहापूर गाडीची वाट बघत होतो. तो मोटरसायकल लावून सरळ माझ्याकडे आला. आरडाओरडा केला नाही.

"मला एकच सांग," तो म्हणाला. "तू मुद्दाम केलंस ना?"

त्याच क्षणी मी सांगू शकलो असतो. डॉक्टरांचा तो कागद पाकिटातच होता, घडी घातलेला. आपल्याला ऐकू येत नाही रे आता, एवढं म्हटलं असतं तर कदाचित तो माझ्या शेजारी त्या बाकावर बसला असता. पण मग तो मला हळूहळू, मोठ्यानं, तोंडाजवळ येऊन बोलला असता. माझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त असलेली एकच गोष्ट होती, आणि ती गेली हे त्याला कळलं असतं. मी खुनशी आहे असं त्याला वाटलेलं मला त्यापेक्षा चाललं.

"हो," मी म्हणालो. "मुद्दाम."

त्यानं मान हलवली, जणू त्याचा हिशेब बरोबर निघाला होता, आणि तो गेला. यातलं खोटं किती आणि खरं किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. चूक सांगायची, हे मी गाणं वाजत असतानाच ठरवलं होतं. पण माझे कान शाबूत असते तर मी त्याला खरं सांगितलं असतं, याचीही मला जवळजवळ खात्री आहे. त्याच्या तोंडून ते कबूल झालं होतं, तेवढ्यावर मी सगळं सोडून दिलं असतं.

त्याची आई वारली तेव्हा मी गेलो नाही. घर कुठे आहे ते मला चांगलं माहीत होतं.

रेकॉर्डी आता माझ्या मुलीनं मागून घेतल्यात. ती कधी लावते, आणि मला विचारते, "कसं वाटतंय, बाबा?" मी म्हणतो, छान. तिला ते पुरतं.